वाद्यांची कपाटे आणि आजोबांचा चोनका

अंबागडच्या किल्ल्यावरील मागच्या धाग्यानंतर अनेकांनी विचारले होते की पुढचा विषय कोणता. या वेळी किल्ला नाही, लढाई नाही, सनदही नाही. या वेळी वाद्ये आहेत. वर्षानुवर्षे वाजून जुनी झालेली आणि मग कपाटात जाऊन बसलेली. धागा लांबलचक आहे. त्यात भरतमुनी येतील, देवगिरीच्या दरबारातला एक हिशेबनीस येईल, बेल्जियमचा राजा येईल, पुण्यातला एक कवी येईल आणि आमच्या घरातले एक भांडणही येईल. भांडणापासूनच आरंभ करते.

माझे गाव सिहोरा. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. मध्य प्रदेशची सीमा इतकी जवळ की आठवडी बाजारात मराठी, हिंदी आणि पोवारी या तिन्ही भाषांत घासाघीस चालते. धानाचा प्रदेश. दिवाळी सरली आणि हलके धान घरात आले की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. मंडईच्या रात्री दंडार असते, नाटक असते आणि खडी गंमत असते. वादक आणि गायक रात्रभर उभ्यानेच कार्यक्रम करतात म्हणून ती ‘खडी’, असे सांगितले जाते. शाहीर, त्याच्या मागे झील धरणारे, लुगडे नेसून नाचणारा पुरुष नाच्या, ढोलकी, तुणतुणे, झांज आणि चोनका. माझे आजोबा चोनका वाजवत.

ज्यांनी हे वाद्य पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते, कारण पुढे सगळा वाद त्याच्या घडणीवरूनच होणार आहे. लाकडाचे एक पोकळ नळकांडे असते. एक तोंड उघडे, दुसऱ्यावर शेळीचे कातडे ताणून बसवलेले. कातड्याच्या मधोमध छिद्र पाडून त्यातून तात, म्हणजे जनावराच्या आतड्याची दोरी, ओवलेली असते. तिचे दुसरे टोक नळकांड्यातून येऊन उघड्या तोंडाबाहेर एका लहान मुठीला बांधतात. नळकांडे काखेत दाबायचे, डाव्या हाताने मूठ ओढून धरायची आणि उजव्या हातातल्या तुकड्याने तात छेडायची. ओढ वाढवली की स्वर वर चढतो, सैल केली की खाली घसरतो. स्वर एका जागी थांबत नाही. बोलणाऱ्या माणसासारखा हेलकावे घेतो. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर यल्लमाच्या जोगत्यांजवळ असते ते चौंडके म्हणजे हेच वाद्य.

आजोबा गेल्यावर चोनका ओसरीतल्या खुंटीवर लटकून राहिला. कातडे वाळून कडेने तडकू लागले. मी तेव्हा एम. ए. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला होते आणि ‘भौतिक संस्कृती’ हा शब्द नव्यानेच शिकले होते. नवा शब्द शिकलेल्या विद्यार्थ्याइतका धोकादायक प्राणी घरात दुसरा नसतो. मी परस्पर एका संग्रहालयाला पत्र लिहिले. त्यांनी सौजन्याने अर्जाचा नमुना पाठवला: वस्तूचे नाव, साहित्य, मापे, अंदाजे काळ, प्रदेश, दात्याचे नाव. मी उत्साहाने रकाने भरले. दाता म्हणून स्वतःचे नाव लिहिताना आनंदही झाला, हे कबूल करायला हवे.

आजीने विचारले, “काय काय लिवलं त्याच्यात?” मी वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “देणाऱ्याचं नाव हाये. बनवणाऱ्याचं कुठं हाये? वाजवणाऱ्याचं?”

अर्जात तसे रकाने नव्हते. मी चिडून म्हणाले की संग्रहालयाची पद्धत असते, तिथे सगळे शास्त्रीय असते. काका म्हणाले, “मंग नको देऊ.” शब्दाने शब्द वाढला. अर्ज तसाच राहिला, आणि ही शास्त्रीय पद्धत आली कुठून हे शोधण्याची जिद्द मला पडली. हा धागा त्या शोधाचा आहे.

पहिला मुक्काम पुणे. पुराभिलेखागारात कागद पाहण्यासाठी गेले होते. एक दुपार मोकळी मिळाली आणि राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठले. ज्यांनी ते पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की तिथे भव्यतेपेक्षा संख्येने जीव दडपतो. अडकित्ते, दिवे, दौती, कोरीव दरवाजे. माणसाच्या रोजच्या हातातून गेलेली प्रत्येक गोष्ट. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे चष्म्याच्या व्यवसायातले गृहस्थ. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला, आणि त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभारला. १९२०च्या सुमारास आरंभ झाला. गावोगाव हिंडून, पदरमोड करून वस्तू जमवल्या गेल्या, आणि या खटाटोपात पत्नी कमलाबाईंची साथ मोलाची होती. वस्तूंची संख्या आज वीस हजारांच्या घरात आहे. संग्रह पुढे त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. स्वतःला अज्ञातवासी म्हणवणाऱ्या कवीचे नाव आज दारावर आहे, यात मला एक गोड विसंगती दिसते.

वाद्यांच्या दालनात मी बराच वेळ रेंगाळले. दरबारी थाटाची, मोराच्या आकाराची तंतुवाद्ये पाहणाऱ्यांना लगेच खेचून घेतात. तिथे गर्दी होती. लोकवाद्यांजवळ कोणी नव्हते. तुणतुण्याच्या कुळातले एक वाद्य काचेपलीकडे पाहिले आणि आमच्या ओसरीतली खुंटी डोळ्यांपुढे आली. फरक एवढाच की इथे धूळ नव्हती, कातडे तडकलेले नव्हते. सुरक्षित होते. आणि मूक होते. मला वाटले, केळकरांनी हे उचलले नसते तर ते चुलीत गेले असते. त्यामुळे मुकेपणाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला नाही. तरी तक्रार मनातून गेली नाही.

आता थोडे युरोपात जाऊ. मी ब्रुसेल्सला गेलेले नाही. पारपत्रसुद्धा अजून काढलेले नाही. परंतु युरोपातल्या अनेक वाद्यसंग्रहालयांनी मिळून ‘मिमो’ नावाचा सामायिक आंतरजालीय संग्रह उघडला आहे, आणि सिहोऱ्यात रात्री अकरानंतर मोबाइलचे जाळे बरे चालते. त्या रात्रींमध्ये मी ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाची कपाटे धुंडाळली. पुढची गोष्ट तिथलीच आहे.

१८७०च्या दशकात कलकत्त्यात राजा शौरींद्रमोहन टागोर (१८४०–१९१४) नावाचे जमीनदार होते. रवींद्रनाथांच्या जोडासाँकोच्या घराण्याची दुसरी पाती, म्हणजे पाथुरियाघाटाचे टागोर. १८७१ मध्ये त्यांनी संगीताची शाळा काढली, १८७५ मध्ये ‘यंत्रकोष’ हा वाद्यांवरचा बंगाली ग्रंथ लिहिला. आणि त्यांना एक छंद होता: भारतीय वाद्यांचे संच करवून घेऊन जगभरातल्या राजांना आणि संस्थांना नजर करायचे. त्या बदल्यात पदके आणि किताब येत. याला संगीतप्रेम म्हणावे की मुत्सद्देगिरी? माझ्या मते दोन्ही. पारतंत्र्यातल्या माणसाला आपली संस्कृती जगापुढे मांडायची तर राजांचेच दार ठोठवावे लागे. १८७६ मध्ये जवळपास शंभर वाद्ये बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्याकडे गेली. हाच तो लिओपोल्ड, ज्याच्या काँगोतल्या राजवटीत पुढे अनन्वित अत्याचार झाले. वाद्यांना घर निवडता येत नाही.

बेल्जियमजवळ त्याआधीच फेतिस या संगीततज्ज्ञाच्या मृत्यूनंतर सरकारने विकत घेतलेला संग्रह होता. हे दोन्ही संग्रह एकत्र करून १८७७ मध्ये ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयाला जोडून वाद्यसंग्रहालय स्थापन झाले. पहिला संग्रहपाल होता व्हिक्टर-शार्ल माहियाँ, वाद्ये बनवणाऱ्या घराण्यातला माणूस. त्याच्यासमोर प्रश्न उभा राहिला: ही वाद्ये लावायची कशी?

युरोपात तोवर ढोबळ तीन भाग चालत: तारांची, फुंकण्याची आणि आघाताची. आघाताच्या पेटीत ढोल आणि झांज शेजारी शेजारी बसत. पण ढोलात कातडे थरथरते आणि झांजेत धातूच थरथरतो. वाजते ते वेगळे आहे. हा भेद आपल्याकडे फार जुना. भरताच्या नाट्यशास्त्राच्या २८व्या अध्यायात वाद्यांचे चार प्रकार येतात: तत म्हणजे तारांची, अवनद्ध म्हणजे कातड्याने मढवलेली, घन म्हणजे भरीव, सुषिर म्हणजे पोकळीतून वारा जाणारी. वाद्य कसे वाजवतात हे न विचारता नाद नेमका कशातून निघतो, हे विचारणारी ही पद्धत आहे. टागोरांच्या ग्रंथात तीच होती. वाद्यांबरोबर ती समजही ब्रुसेल्सला पोचली, असे संगीताचे अभ्यासक मानतात. माहियाँने १८८० पासून आपली सूची प्रसिद्ध करायला घेतली तिची मांडणी चौपदरी आहे. १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोघांनी तिचाच विस्तार केला, आणि आज जगातल्या बहुतेक वाद्यसंग्रहालयांत वाद्यांचे वर्ग त्या पायावर पाडले जातात.

म्हणजे मी आजीला ज्या ‘शास्त्रीय पद्धती’चा धाक घालत होते तिचा पाया आपल्याच ग्रंथांत होता. हे वाचले त्या रात्री मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

इथे महाराष्ट्राचा एक धागा मध्येच ओवायला हवा, कारण तो आपल्या पाठ्यपुस्तकांत हरवला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, सिंघण राजाच्या काळी, शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले. काम हिशेबाचे, म्हणजे श्रीकरणाचे. या हिशेबनिसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा ज्याला आपला मानतात असा हा ग्रंथ, आणि तो लिहिला गेला आजच्या दौलताबादेत. त्याचा सहावा अध्याय सगळा वाद्यांवर आहे. हिशेबाची सवय तिथे जागोजाग जाणवते: दांडी किती लांब, भोपळा केवढा, छिद्रे किती अंगुळांवर. वाचताना वाटते की हा माणूस सुताराच्या शेजारी बसून मोजत होता.

त्या अध्यायात किन्नरी वीणा आहे. आमच्या भागात गोंडांचे प्रधान राजांच्या कथा गाताना जी वाजवतात ती किंगरी. नाव बहुधा तिथूनच आले. वाद्य मात्र तेच राहिले नाही, कारण किन्नरी छेडून वाजे आणि प्रधानांची किंगरी गजाने वाजते. नाव एका वाटेने चालत आले, वस्तू दुसऱ्या वाटेने. इतिहासाच्या विद्यार्थ्याने शब्दावर एकदम विश्वास ठेवू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. आणखी एक गंमत: शार्ङ्गदेव स्वतःला ‘निःशंक’ म्हणवी, आणि त्याने एका वीणेला ‘निःशंक वीणा’ असे नाव दिले आहे. ज्याच्या हाती लेखणी होती त्याचे नाव वाद्याला लागले. ज्याच्या हाती पटाशी होती त्याचे नाही.

आता परत चोनक्याकडे. मी त्याला चार खणांत बसवून पाहिला. तात छेडतो, म्हणून तत. पण तात बांधली आहे कातड्याला, आणि नाद घुमतो कातड्यातून, म्हणून अवनद्ध. मग काय? हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनाही हा पेच पडला होता. बंगालच्या बाउलांचे आनंदलहरी आणि गोपीयंत्र ही याच कुळातली वाद्ये. त्यांनी यासाठी कातड्याच्या वाद्यांत ‘छेडले जाणारे ढोल’ असा खास उपवर्ग केला. पुढच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतला: थरथरते ती तार, कातडे तिच्या मागून, हा ढोल नव्हेच, हे तंतुवाद्य आहे. वाद अनेक दशके चालला. मंडईच्या रात्री ज्याच्यावर आमच्या गावचा शाहीर लावणीचा ठेका धरायचा त्या वाद्याच्या भाईबंदांनी युरोपच्या पंडितांना इतके दिवस खण बदलायला लावले, हे मी काकांना सांगितले. काका म्हणाले, “काखेत धरून पाहा म्हणावं, समजते.”

मी धरून पाहिला. लहानपणी मला त्याला हात लावू देत नसत. खडी गंमत पुरुषांची. काकांचे म्हणणे खरे निघाले. काखेत दाबल्यावर कातड्याची थरथर बरगडीला लागते आणि तातेची ओढ डाव्या मनगटाला. दोन्ही एकदम. वाद सुटला नाही, पण तो का सुटत नाही ते कळले.

‘मिमो’वर परतले तेव्हा मी दुसरीच गोष्ट शोधत होते, आजीचा प्रश्न. व्हायोलिनांपुढे निर्मात्याचे नाव, गाव, वर्ष. भारतीय वाद्यांपुढे, अनेक ठिकाणी, ‘अज्ञात’. हे संग्रहपालांच्या मनातले कपट नव्हे. क्रेमोनाचा स्त्रादिवारी आपल्या व्हायोलिनच्या पोटात नाव आणि वर्ष छापलेली चिठ्ठी चिकटवी; आमच्याकडे चोनका बनवणारा लिहिता नव्हता, आणि ज्याच्यासाठी बनवी तो त्याला ओळखतच असे. चिठ्ठीची गरज अनोळखी गिऱ्हाइकाला असते. गाव सुटले की नाव सुटते.

व्हायोलिनचा विषय निघालाच आहे तर दोन वाद्यांची तुलना करते, कारण माझ्या घरच्या भांडणाचा दुसरा भाग त्यांच्याशी जुळतो. ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात १७१६चे ‘मसाया’ नावाचे स्त्रादिवारी व्हायोलिन आहे. ते जवळजवळ न वाजवलेले, म्हणूनच नव्यासारखे राहिले. काचेत ठेवले आहे, कारण तीनशे वर्षांपूर्वी व्हायोलिन हातावेगळे झाले तेव्हा कसे दिसे याचा तो पुरावा आहे. इकडे इटलीत जेनोवाच्या नगरपालिकेकडे पागानिनीचे १७४३चे ग्वार्नेरी व्हायोलिन आहे, ‘कानोने’, म्हणजे तोफ. पागानिनीने ते शहराला दिले. ते मात्र जपूनच, पण निवडक कलावंतांच्या हाती वाजवायला देतात. एक शहर म्हणते, वाजवाल तर झिजेल. दुसरे म्हणते, न वाजवाल तर मुके होईल. दोघांचेही खरे आहे, आणि गंमत म्हणजे दोघांनाही ते ठाऊक आहे.

मला पहिल्याचे पटत होते. झीज हाच पुरावा, तो गोठवून ठेवायचा. पुरावा हा शब्द उच्चारला की आम्हा विद्यार्थ्यांना फार बळ येते.

मग मिरज. मित्राच्या लग्नासाठी सांगलीला गेले होते, तिथून सतारमेकर गल्ली पायाखालीच म्हणायची. मिरजेची कथा अनेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पटवर्धनांच्या संस्थानात फरीदसाहेब नावाचे शिकलगार होते. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. तलवारीचे दिवस सरत आले होते. परंपरा सांगते की संस्थानिकांच्या प्रोत्साहनाने त्यांनी तंबोरे दुरुस्त करायला घेतले आणि दुरुस्त करता करता बनवायला शिकले. आज त्यांच्या वंशजांपासून पसरलेल्या घरांत सतार-तंबोऱ्यांचे काम चालते, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. गवई आणि कारागीर एका गावात असले की वाद्य कसे सुधारते, याचे ते उदाहरण आहे. गवयाला स्वर खटकला की तो चालत जाऊन सांगू शकतो.

ज्या कारखान्यात मी बसले तिथे छताला भोपळे टांगले होते. सोलापूर जिल्ह्याकडून येतात, कडू जातीचे, जाड सालीचे. स्वयंपाकाच्या भोपळ्याचे हे काम नव्हे. एक वयस्कर कारागीर घोडीवर जवार लावत होते. कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा कानस. कानसेचा एक जादा फटका आणि स्वर बंद होतो. त्यांच्यापुढे एक जुना तंबोरा होता. तबली नवी, खुंट्या नव्या, घोडी नवी. जुने ते फक्त दांडी आणि भोपळा. मी विचारले, “मग याला जुना कसे म्हणायचे?” ते कानस न थांबवता म्हणाले, “ज्याच्या घरचा आहे त्याला विचारा की. त्याच्या आज्याचाच आहे हा.”

हे उत्तर इतिहासाच्या पेपरात लिहिले तर गुण मिळणार नाहीत. मी ते वहीत लिहून घेतले.

गेल्या दिवाळीत घरी पोचले तेव्हा मंडईला दोन दिवस होते. ओसरीतली खुंटी रिकामी. चोनका काकांच्या मांडीवर होता आणि त्यावर नवे कातडे होते, पांढरेशुभ्र, अजून ओलसर वासाचे. तातेच्या जागी नायलॉनची दोरी. आतड्याची तात आता कोणी वळत नाही म्हणे. मी काय बोलले ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाही. जुन्या कातड्यावर आजोबांच्या हाताचा काळपट ठसा होता, कडेला तीन ठिगळे होती, प्रत्येक वेगळ्या टाक्याचे. म्हणजे तीनदा दुरुस्ती झाली होती आणि निदान दोन वेगळ्या हातांनी. तो सगळा लेख होता. शिलालेखावर कोणी पांढरा रंग फासावा तसे मला झाले. काका ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “मुकं ठेवू काय त्याले?”

जुने कातडे मला कोठ्यात सापडले, बैलांच्या दावणीजवळ, खरकट्या पत्रावळींच्या ढिगावर. कुत्र्याने एक कोपरा चावला होता. मी ते उचलले, झटकले, सावलीत वाळवले, मापे घेतली, ठिगळांची छायाचित्रे काढली. आजी शेजारी बसून पाहत होती. मापे लिहून झाल्यावर तिने, मी न विचारताच, नळकांडे कोणी कोरले त्याचे नाव सांगितले. मग कातडे कोणी चढवले त्याचे. दोन वेगळी माणसे, दोन वेगळ्या जातींची, दोन वेगळ्या गावांची. एक गाव आज मध्य प्रदेशात आहे. मोबदला पैशात नव्हता, धानात होता. किती कुडो, तेही तिला आठवत होते. मी एवढी वर्षे दप्तरखान्यांत कागद शोधत होते आणि हा कागद रोज माझ्यासाठी भाकर करत होता.

ती नावे मी इथे लिहीत नाही. त्यांची नातवंडे हयात आहेत. एकाशी फोनवर बोलणे झाले आहे, दुसऱ्याकडे जाऊन येणार आहे. त्यांच्या आज्याचे नाव कुठे लागावे हे ठरवण्याचा पहिला मान त्यांचा.

मंडईच्या रात्री चोनका वाजला. मी आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो आजोबांच्या चोनक्याचा आवाज नव्हता. नायलॉन जास्त तीक्ष्ण बोलते आणि नवे कातडे थंडीत उतरते. काकांना दर तासाला शेकोटीजवळ जाऊन ते तापवून आणावे लागत होते. तरी दुसऱ्या लावणीच्या वेळी त्यांनी मूठ ओढून स्वर वरपासून खालपर्यंत घसरवला तेव्हा मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी एकदम आजोबांचे नाव घेतले.

अर्ज अजून टेबलाच्या खणात आहे. त्यावर मी पेनाने दोन रकाने वाढवले आहेत. चोनका जाणार नाही हे ठरले आहे. जुने कातडे पाठवावे का, यावर घरात पुन्हा मतभेद आहेत. या वेळी आजी पाठवा म्हणते आणि मी नको म्हणते.

तुमच्या घरी तुणतुणे, संबळ, डफ, किंगरी, सनई, काहीही खुंटीवर असेल तर एवढे करा: त्याला आधी पुसू नका. आहे तशी छायाचित्रे काढा, आतल्या बाजूचीही. लांबी, तोंडाचा व्यास आणि कातडे कशाचे ते लिहा. मग घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा की ते कोणी बनवले आणि त्याला काय दिले. उत्तरे खाली लिहा. नावे लिहिण्याआधी त्यांच्या घरी विचारून घ्या. पुढचा धागा त्यावरच करू.